शून्य विरुद्ध शून्य

तुम्हाला आधीच सांगून ठेवते, बंदुकीतलं मला सगळं कळतं. म्हणजे त्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत तरी कळत होतं.

मराठी वर्गाच्या पुस्तकांसाठी निधी जमवायचा म्हटलं, की आमच्या मंडळात दर वर्षी तंबोला. यंदा मी, म्हणजे स्पृहा, इयत्ता दहावी, मुक्काम आखातातलं झिंज, भर सभेत उभी राहिले आणि म्हणाले, "आपण चकत्या टिपू. चार-चार जणांच्या टीम. यंत्र हवेत चकती फेकतं, आपण नेम धरायचा. बंदुकीतून गोळी नाही, नुसता प्रकाश निघतो. लागला की फलकावर गुण."

अध्यक्ष जयप्रकाशकाका अस्करच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. ते म्हणाले, "कर. पण फसलं, तर पुढची दहा वर्षं तंबोला. मग रडत यायचं नाही."

"फसेल कसं, काका? मी आहे ना."

दसरा होता गुरुवारी. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आपण सगळेच सण शुक्रवारी करतो, देवांनाही आता सवय झालीय. त्यामुळे हमद टाउनच्या मैदानावर पाच बंदुका मांडल्या आणि पुष्पलताकाकूंनी पिशवीतून ताम्हन काढलं. "शस्त्रं आहेत बाई. पूजेशिवाय हात लावायचा नाही." हळदकुंकू पाण्यात कालवून त्या थबकल्या. "स्पृहा, बंदुकीचं कपाळ कुठलं गं?"

मी क्षणभरही विचार केला नाही. "पुढचं टोक, काकू. नळीचं तोंड आहे ना, ते."

काकूंनी पाचही बंदुकांना घसघशीत बोट लावलं. यंत्रवाले ताहिरभाई तेव्हा गाडीतून वायरी आणत होते.

यल्ला, खेळ सुरू. काकालोकांची टीम, दहा चकत्या, गुण शून्य. आमची टीम, दहा चकत्या, गुण शून्य. बँकेतले सलीलकाका म्हणाले, "उन्हाची तिरीप येतेय डोळ्यांवर." जयप्रकाशकाकांनी पेन काढून तळहातावर वाऱ्याचा वेग मांडला. प्रकाशाला वारा लागतो का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दुसरी फेरी शून्य. तिसरी शून्य. क्रिकेटमध्ये इतकी शून्यं पडली असती, तर लोकांनी टीव्ही फोडले असते.

रांग हळूहळू वडापावच्या टेबलाकडे सरकली. जयप्रकाशकाका हळूच कुणाला तरी म्हणाले, "माझ्या डिकीत तंबोल्याची पेटी आहे. घेऊन ये."

दहा वर्षं! मी धावत ताहिरभाईंकडे गेले.

"बेटा, मशीन ठीक, बॅटरी ठीक," असं म्हणत त्यांनी एक बंदूक उचलली, उलटी धरली आणि नळीच्या तोंडात बोट फिरवलं. बोट लालभडक. ते दचकले. "ये खून किसका है?"

"खून नहीं, भाईसाब," काकू पुढे आल्या. "कुंकू है. इसके माथे पे लगाया."

"बहनजी, ये माथा नहीं. ये इसकी आँख है. रोशनी यहीं से निकलती है."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग मंडळाने माझ्याकडे पाहिलं. वडापाव खाणाऱ्यांनीही चावणं थांबवून पाहिलं.

माझ्या नव्या ओढणीचा बळी देऊन पाचही काचा पुसल्या. पहिली बंदूक काकूंनी घेतली, पदर खोचला आणि पहिलीच चकती टिपली. फलक टुणकन वाजला. मग जी झुंबड उडाली! तंबोल्याची पेटी आली तशी डिकीत परत गेली. जयप्रकाशकाका तर सलग तीन फेऱ्या खेळले आणि ताहिरभाईंना म्हणाले, "अगले साल का शुक्रवार अभी से पकड़ के रखो."

"इंशाल्ला," ताहिरभाई हसले. "लेकिन पूजा मेरे सामने."

म्हणजे जिंकलेच की मी! आमच्या टीमचे सतरा गुण झाले. मयुरेशचे आठ, शिवांगीचे पाच, भावनाचे चार. टीम चौघांची होती. चौथी मी, कॅप्टन.

"थोडं कुंकू राहिलं असेल," मी म्हणाले आणि बंदूक उलटी करून तपासली.

काच इतकी लख्ख होती, की तिच्यात माझं तोंड दिसत होतं.