अनंतअण्णांचा उघडा रुपया

आमच्या बनशंकरीत नवा फुटपाथ झाला की त्याचं बिल बघायला मिळेपर्यंत अनंतअण्णा त्यावर पाय ठेवत नाहीत. रस्त्यानंच चालतात. मागून कानडी ऑटोवाला ओरडतो, "अज्जा, साइड." अण्णा न वळता हात वर करतात, "स्वल्प थांब की. हिशेब यायचाय अजून."

अण्णा मूळचे निपाणीचे, कोषागारातून निवृत्त झालेले, आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. "रस्त्याचा रुपया निघतो रस्त्याकडं आणि पोचतो साहेबाच्या मेव्हण्याकडं," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यामुळे डिजिटल रुपया आला, तेव्हा अण्णांना नातू झाल्यासारखा आनंद झाला. ज्या कामाला दिला त्याच कामाला चालणारा, वर कुठून कुठं गेला तेही सांगणारा रुपया. "आता बघ मेव्हण्याचं तोंड," म्हणाले.

वॉर्ड समितीचं डोकं खाऊन त्यांनी गरजूंच्या औषधांचा निधी या रुपयांत आणवला. तो फक्त औषधाच्या दुकानात चालायचा. वाचनालयाच्या दारात स्क्रीन लावून त्यावर प्रत्येक रुपयाचा प्रवास दाखवायचं काम माझं. ते चोख झालं. आजही एक पैसा इकडचा तिकडं होत नाही. पण उत्साहाच्या भरात मी औषध घेणाऱ्यांची नावंही टाकली. अण्णांना विचारलं नाही.

चौथ्या दिवशी औषधवाल्यानं सांगितलं, "इस्त्रीवाल्या गिरिजाक्का नवऱ्याच्या गोळ्या न्यायला येईनात. सगळी गल्ली नाव वाचते म्हणे."

अण्णा वर आले. "नावं काढ."

"पण अण्णा, सगळं उघडं पाहिजे असं तुम्हीच म्हणता."

"रुपया उघडा पाहिजे रे. माणूस कशाला?" मग खुर्चीत बसले. "शाळेत प्रार्थनेनंतर गरीब फंडातल्या पोरांची नावं वाचायचे. अ वरून माझं पहिलं. ती वाचून संपेपर्यंत मी फाटकाबाहेर थांबायचो, मगच वर्गात जायचो. रोज उशिराची छडी खाऊन."

मी नावांच्या जागी क्रमांक घातले. मग आम्ही दोघं गिरिजाक्कांच्या घरी गेलो. त्या दारातच उभ्या राहिल्या. अण्णांनी हात जोडले आणि कानडीत म्हणाले, "अक्का, नाव मी लावलं होतं. चुकलं माझं. आता काढलंय. गोळ्या बंद करू नका."

त्या म्हणाल्या, "सरी, बरं अज्जा. उद्या जाते."

मी शेजारीच होतो. तोंड उघडलं नाही.

अण्णांनी जन्मात केलेली ही एकच खोटी नोंद. ती मी इथं दुरुस्त करतोय, मराठीत. गिरिजाक्कांना मराठी वाचता येत नाही.