बट्ट्या गार झाल्या त्याची गोष्ट

शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावात घरटी एक डी. फार्मसी होता. दुखणेकरी कमी आणि गोळ्या देणारे जास्त, अशी अवस्था. अशा गावात प्रेमराजच्या लेकीने, दिपमालाने, बारावी सायन्सला भरघोस गुण मिळवले आणि बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून जळगावला विद्यापीठात एम.ए.लाही तेच घेतलं. पोरगी पळून गेली असती तरी गाव इतकं हळहळलं नसतं.

एम.ए.चं पहिलं वर्ष संपवून ती घरी आली आणि नेमके झुलाल आबा वारले. आबा म्हणजे प्रेमराजचे चुलते, नव्वदीचे, खाऊनपिऊन सुखी. त्यांचा मुलगा जीवराम धुळ्यात मेडिकल चालवायचा. तो सुतकापायी गावात अडकून पडला. हाताला काम नाही म्हणून त्याने दिपमालाचं कल्याण करायला घेतलं, आणि बसल्या बसल्या मोबाइलवरूनच धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात तिची जागा बोलून ठेवली.

"सोमवार शेवटना दिन शे," त्याने प्रेमराजला बजावलं. "वरीस वाया गयं ते गयं. पोरले धाड."

"मी नही जावाव," दिपमाला म्हणाली.

"काबर नही?" प्रेमराज उखडला. "तठे काय शिकाडतस तुले?"

"इचार कसा कराना ते, नाना."

"इचार मी बी करस. फुकटमा करस."

दिपमालाच्या वर्गात इनमीन चार जण. सर फळ्यावर एक प्रश्न लिहायचे, तास संपेपर्यंत सगळ्यांना भांडायला लावायचे आणि उत्तर न सांगताच खडू ठेवून निघून जायचे. तिला ते फार आवडायचं. लहानपणापासून 'कशावरून?' विचारलं की 'गप बस' ऐकलेल्या पोरीला, तो प्रश्न विचारल्याबद्दल शाबासकी देणारी ही एकच जागा सापडली होती. ती सुटली की जन्मभर काउंटरमागे उभं राहायचं आणि 'जेवणाआधी की जेवणानंतर' एवढंच बोलायचं, ही कल्पनाच तिला सोसत नसे.

रविवारी आबांची गंधमुक्ती होती. सुतक फिटण्याचा हा कार्यक्रम महाराजांच्या प्रवचनाशिवाय होत नाही, आणि प्रवचन संपल्याशिवाय पंगत बसत नाही. जीवरामने चांगले नावाजलेले महाराज ठरवले होते. पण नावाजलेल्या महाराजांच्या त्या दिवशी दोन गावांत दोन गंधमुक्त्या होत्या, आणि पहिल्या गावात माइक हाती आल्यावर त्यांना वेळेचं भान उरलं नाही. फोन लावला की "निघालोच" असं उत्तर यायचं. "निघालोच" म्हणजे माणूस अजून बसलेला आहे, हे सगळ्या मांडवाला ठाऊक होतं.

ऊन चढलं. मांडवामागे चिंधा आचारी कणकेच्या बट्ट्या तळून बसला होता. वरणाचा आणि वांग्याच्या भाजीचा वास पुढे येऊ लागला, तशी पाहुणे मंडळी चुळबुळायला लागली. जीवराम घामाघूम झाला आणि कुणावर तरी राग काढायचा म्हणून त्याने तो प्रेमराजवर काढला.

"महाराज नही ते नही, तुनी पोरले बठाड ना गादीवर! चार वरीस तेच शिकी ऱ्हायनी ना?"

मांडवात हशा पिकला. प्रेमराज स्वतः पोरीवर कितीही चिडलेला असो, तिला दुसऱ्याने हसलेलं त्याला खपत नसे. त्याची मान ताठ झाली.

"बठाडस! काय कमी शे तिनामा?"

"नाना, मले प्रवचन नही येत," दिपमाला कुजबुजली.

"मंग चार वरीस काय शेंगा फोड्यात? ऊठ!"

दिपमाला गादीवर जाऊन बसली. शेजारी आबांचा हार घातलेला फोटो, आणि समोर पहिल्या ओळीत आबांची बायको तानुअक्का. आबा गेल्यापासून अक्काच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सुना ताट वाढायच्या आणि तसंच उचलून न्यायच्या.

ठरावीक बोलून दिपमालाला सहज सुटता आलं असतं. आत्मा अमर आहे, आबा सुखात आहेत, रामकृष्णहरी. पण केवळ गादीवर बसवलं म्हणून माहीत नसलेलं ठोकून द्यायचं? ते तिला मेलं तरी जमणार नव्हतं.

"आबा आते कोठे शेत, हाई मले माहीत नही," ती माइकवर म्हणाली. "सगळा म्हनतस, सुखमा शेत. आपले कसं समजनं?"

जीवराम माइक बंद करायला उठला, पण त्याच्या आधी तानुअक्काच बोलली.

"मी बी हाईच म्हनस! जो येस तो सांगस, आबा सुखमा शे. कोनी पाही उना का? तठे त्यासले सकायना चहा कोन देस?"

"माय, गप बठ," जीवराम म्हणाला.

"तू गप बठ. पोर, तू सांग."

"मले नही माहीत, अक्का," दिपमाला म्हणाली. "पन त्यासले चहा लागस का, तठून सुरू करूत."

झालं! एक जण म्हणाला, देहच नाही तर चहा कशाला? दुसऱ्याने विचारलं, मग दहाव्याला पिंड ठेवला तो कोणासाठी? कावळ्यासाठी, असं तिसरा म्हणाला आणि चौथ्याने त्याची कॉलर धरली. डी. फार्मसीवाल्यांनी मेंदूचा मुद्दा काढला, भजनी मंडळाने तो उडवून लावला. दिपमाला प्रत्येकाला शांतपणे एकच विचारी, "कशावरून?" शेवटी प्रेमराजलाही राहवलं नाही. तो उठला, आत्म्यावर जोरदार बोलला आणि जिंकल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला.

"कशावरून, नाना?"

प्रेमराज खाली बसला.

"बट्ट्या थंड व्हई ऱ्हायन्यात!" चिंधा मागून ओरडला. बट्टी गार होत असताना माणसं बसून राहतात, हे त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"थांब रे, मुद्दा चालू शे!" मांडवाने त्याला गप्प केलं.

अशात महाराजांची जीप आली. महाराज घाईघाईने गादीवर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, आत्मा अमर आहे."

"कशावरून?" सगळा मांडव एका सुरात म्हणाला.

महाराजांनी मानाचा नारळ तेवढा उचलला आणि ते आल्या पावली परत गेले.

पंगत बसली तेव्हा बट्ट्यांचे दगड झाले होते. जीवरामचा पारा चढला. "आबाना कार्यक्रमना खेळ करी टाका या पोरनी! प्रेमराज, सकाय पहिली बसथून तिले धुळाले लई ये. मी स्टँडवर उभा ऱ्हास." भावकीने माना डोलावल्या. प्रेमराज मात्र तानुअक्काकडे पाहत होता. अक्का गार बट्टी वरणात कुस्करत शेजारणीला तावातावाने सांगत होती, की चहा लागतोच, नव्वद वर्षांची सवय अशी सुटते होय? आणि सांगता सांगता तिने आणखी एक बट्टी मागून घेतली.

सोमवारी प्रेमराज लेकीला घेऊन पहिल्या बसने धुळ्याला आला. कॉलेजात ओढत नेलं तरी सही करायची नाही, हे दिपमालाने मनात पक्कं केलं होतं. स्टँडवर जीवराम मोटरसायकल घेऊन हजर होता. प्रेमराजने पोरीची बॅग उचलली, जीवरामच्या नाकासमोरून नेली आणि समोरच्या बसमध्ये ठेवली. दिपमालाने बसची पाटी वाचली आणि पटकन चढून ती खिडकीशी बसली.

"अरे, हाई जळगावनी बस शे!" जीवराम धावत आला.

"मले वाचता येस."

"पोरना जलमनं वाटोळं व्हई, प्रेमराज!"

प्रेमराजने कमरेवर हात ठेवले. "कशावरून?"

प्रेमराज खिडकीशी गेला.

"तुना सरले इचार, तठे चहा लागस का नही. अक्कानी सांगेल शे."

दिपमालाचे डोळे भरून आले. तरी खोटं तिला तेव्हाही बोलवेना. "सर उत्तर नही देतस, नाना."

बस हलली. प्रेमराज विचार करत खिडकीबरोबर चार पावलं चालला.

"मंग बरं शे!" तो ओरडला. "उत्तर सापडनं ते अक्का परत जेवानं सोडी दी. सावकाश शिक!"