आबासाहेबांचा पट्टा आणि आरशासारखी धार

एकोणपन्नास साली, संस्थान विलीन झाल्यावर, चिक्कडपल्लीत पंधरा ऑगस्टचा झेंडा पहिल्यांदाच लागणार होता. त्याच्या काठीवर बसवायचं लाकडी कमळ कोरायचं काम हणमंतराव वकिलांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"लाकूड कुणीही कोरेल, खरी कला धारेत असते," ते बायकोला, तारामतीला, म्हणाले. "नुसती दगडावरची धार खरखरीत, लाकूड ओरबाडते. तीच कातड्यावर घासून आरशासारखी केली, की साग लोण्यासारखा कापला जातो."

"मग घासा की."

"कातडं कुठंय?"

कातडं हणमंतरावांच्या सासऱ्यांच्या पेटीत सापडलं. आबासाहेब दरबारात जाताना शेरवानीवर बांधत तो रुंद पट्टा! संस्थान विलीन झालं, दरबार संपला, मग पट्ट्याला काम काय, असा वकिली मुद्दा काढून हणमंतरावांनी तो खिडकीच्या गजाला अडकवला.

घासता घासता कोरणीचं पातं लखलखलं. मनगटावरचे केस साफ उडाले. लाकडाची सालपटं कुरळी होऊन पडू लागली. हणमंतरावांना चेव आला. अजून थोडी, अजून थोडी, आणि एकदा हात परत नेताना पातं उलटं करायचं राहिलं, धार थेट कातड्यात घुसली. पट्ट्याचे दोन तुकडे!

त्याच संध्याकाळी आबासाहेब म्हणाले, "जावईबापू, झेंडा मीच चढवावा म्हणतायत लोक. माझा पट्टा काढून ठेवा. दरबार गेला म्हणून थाट का सोडू?"

तारामतीनं दोन्ही तुकडे मेणाच्या दोऱ्यानं शिवले. "बाबांना जोरात श्वास घेऊ देऊ नका," तिनं नवऱ्याला बजावलं.

पंधरा ऑगस्टला आबासाहेबांनी दोरी ओढली. झेंडा फडकला. अभिमानानं त्यांची छाती फुगली, पाठोपाठ पोटही, आणि पट्टा फाटकन तुटून पायाशी पडला. हणमंतराव खांबाआड सरकले.

आबासाहेबांनी पोटावरून हात फिरवला. "चला, सुटलो एकदाचा. आयुष्यभर आवळून उभा होतो." सारी गल्ली हसत सुटली.

घरी त्यांनी पट्ट्याचा सरळ काप निरखला. "हे तुमचंच काम ना?"

हणमंतरावांनी मान खाली घातली.

"काप मात्र सुरेख आहे. उरलेल्या कातड्यावर माझा वस्तराही घासून द्या."

इतक्या स्वस्तात सुटका झाल्यावर हणमंतरावांनी हात आखडता घेतला नाही. वस्तरा त्यांनी जीव ओतून घासला.

सकाळी आबासाहेब न्हाणीतून बाहेर आले ते उजव्या बाजूची मिशी घालवूनच.

"धार उत्तम लागलीय, जावईबापू," ते शांतपणे म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."