पेढ्याच्या डब्यातल्या पाच माश्या

मच्छिंद्रचं मिरजगावात खता-बियाण्यांचं दुकान. शेतकऱ्यानं पुडीत बांधून कसलाही किडा आणावा आणि मच्छिंद्रनं त्याचं नाव सांगावं, असा बावीस वर्षांचा शिरस्ता. (नाव बरोबर असेच असं नाही, पण लगेच मिळे.) त्यामुळे पूजानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बियाण्याच्या कांद्याच्या फुलावरची एक पट्टेरी माशी मोबाईलवर दाखवून "ही कोण हो?" असं विचारलं, तेव्हा तो मान वर न करताच म्हणाला, "मधमाशी."

"मधमाशीला चार पंख असतात. हिला दोनच हायेत."

मच्छिंद्रनं मान वर केली. दोनच होते. अशा वेळी गप्प बसावं, हे त्याला नेहमी नंतर सुचतं.

"उद्यापर्यंत तिचं आडनावसुद्धा सांगतो," तो म्हणाला.

त्यानं तो फोटो किडे ओळखणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथे श्रीरामपूरच्या अफ्रीन मॅडम होत्या, कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांचं उत्तर आलं : "सिरफिड माशी. जीनस सांगायला डोळे जवळून दिसले पाहिजेत. डोळ्यांवर ठिपके असतील तर एरिस्टॅलिनस, नसतील तर बहुधा एरिस्टॅलिस. पंखांवरच्या शिराही येऊ द्या."

जीनस म्हणजेच आडनाव, असं मच्छिंद्रनं मनाशी ठरवून टाकलं आणि सकाळीच कांद्यात जाऊन बसला. माशी हवेत एका जागी तरंगायची; त्यानं मोबाईल रोखला की दुसऱ्या जागी तरंगायची. शहाऐंशी फोटो निघाले. ऐंशींत नुसतं फूल होतं, उरलेल्या सहांत त्याचा अंगठा.

ग्रुपवरच्या एकानं सल्ला दिला, माशी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गारठ्यानं गप्प बसते. मच्छिंद्रनं मच्छरदाणीच्या तुकड्यानं पाच माश्या धरल्या, पेढ्याच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. तेवढ्यात दुकानातून फोन आला, औषधांची गाडी आली होती. तो गेला. पूजा तेव्हा विहिरीवर होती.

दीड तासानं तो परतला, तर ओसरीवर सासूबाई. भागूबाई पाथर्डीहून न कळवता आल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात फ्रिजमधून काढलेला पेढ्याचा डबा उघडा होता.

"जावईबापू, पेढं कुठं हायेत? नुसतं मनुकंच हायेत की!" त्यांनी चष्मा लावला नव्हता. त्यांनी एक मनुका चिमटीत धरला.

"मामी, थांबा!"

मार्च महिन्याचं ऊन. मनुक्यानं पाय हलवले. भागूबाईंनी किंकाळी फोडून डबा भिरकावला आणि पाचही माश्या उठल्या. चार दारातून गेल्या. पाचवी भागूबाईंच्या नाकासमोर तरंगली, जरा विचार केला आणि नाकावर बसली.

"गांधीलमाशी! पूजे, मेले गं मी!"

"मामी, हिला नांगीच नसते. हलू नका," मच्छिंद्र मोबाईल काढत म्हणाला. "जरा उजेडाकडं तोंड करा."

"अहो, आईला वाचवायचं सोडून फोटो काय काढताय?" विहिरीवरून धावत आलेली पूजा ओरडली.

फोटो मात्र अप्रतिम आला. माशीच्या डोळ्यांवरचे ठिपके मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. मच्छिंद्रनं तो तिथल्या तिथं पाठवला आणि उत्तर आल्यावर अभिमानानं मोठ्यानं वाचायला लागला.

"'वा! ठिपकेदार डोळे, पंखाच्या शिरेला खोल वळण. एरिस्टॅलिनस. दोन डोळ्यांमध्ये अंतर आहे, म्हणजे मादी.' बघा मामी! 'हिच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात. घराजवळ तुंबलेलं गटार...'"

इथे तो थांबला. पण भागूबाईंना ऐकायला चष्मा लागत नव्हता.

"कुठं हाय गटार?" त्या उठल्या.

न्हाणीघरामागचं गटार दिवाळीपासून मच्छिंद्र "उद्या" साफ करणार होता. पाण्यात लांब शेपटीच्या अळ्या वळवळत होत्या. भागूबाईंनी पदर नाकाला लावला आणि जावयाच्या हातात फावडं दिलं.

तो गुडघाभर चिखलात असताना पूजानं वरून फोटो काढला आणि त्याच्याच मोबाईलवरून ग्रुपवर टाकला.

मॅडमचं उत्तर आलं, ते पूजानं वाचून दाखवलं.

"अळ्यांची जागा चांगली दिसते आहे. मधला माणूस बाजूला करून पुन्हा एक फोटो घ्या."