नावावरचं एक विशेषण

तात्या गेले आणि जाताना घरच्यांना एक चांगला शब्दही देऊन गेले नाहीत. तसा तो त्यांनी जन्मभर कुणालाच दिला नव्हता, त्यामुळे नवल कुणालाच वाटलं नाही. आता त्यांच्या कबरीचा दगड सांगायला बायको, मुलगा आणि जावई पाथरवटाकडे आले होते. दारावर पाटी होती: 'दगड घेणाऱ्यास नावाच्या वर एक विशेषण मोफत.'

"मोफत आहे तर घेऊन टाकू," मुलगा म्हणाला. शेवटी रक्त तात्यांचंच! "'प्रेमळ' कोरा."

पाथरवट कोरताना वरून खाली येणारा माणूस. आधी विशेषण, मग नाव, मग तारखा. मुलाच्या तोंडून शब्द निघाला आणि यानं छिन्नी लावलीसुद्धा. आई पायऱ्या चढून धापा टाकत आत पोचली, तोवर दगडावर 'प्रे' उमटलं होतं.

"थांबा हो! काय कोरताय?"

"प्रेमळ."

"कोण, हे?" आई मटकन स्टुलावर बसली. "अरे, खोटं बोलायचं तर तोंडानं बोला. दगडावर नको. मला रोज तिथं जाऊन वाचायचंय ते."

"मग 'दानशूर'?"

"पाहुण्याला पाणी द्यायचं तर म्हणायचे, पेला अर्धाच भर, उरलं तर वाया जाईल."

"'मनमिळाऊ'?"

"आमच्या लग्नात माझ्याशी एकच वाक्य बोलले," जावई म्हणाले. "'तो पंखा बंद करा.'"

"'हसतमुख'?"

मुलानं खिशातून तात्यांचा फोटो काढला. तिघांनी पाहिला. मुलानं तो गुपचूप परत ठेवला.

"मावशी, काय ते ठरवा," पाथरवट म्हणाला, "पण 'प्रे' आता पुसता येत नाही. दगड आहे, फळा नव्हे. 'प्रे'नंच सुरू होणारं काहीतरी सांगा, नाहीतर दुसरा दगड घ्या. याचे पैसे पडतीलच."

पैसे पडणार म्हटल्यावर तिघंही डोकं खाजवू लागले.

"'प्रेक्षणीय'," मुलगा म्हणाला.

"तुझा बाप काय धबधबा होता?"

"'प्रेत'," जावई बोलून गेले आणि सासूबाईंची नजर पाहून जागच्या जागी विरघळले. "नाही, म्हणजे... खोटं तरी नाही."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयामुळे नव्हे. "एक शब्द सापडू नये रे? इतकी वर्षं रांधून वाढलं. ताट चाटूनपुसून रिकामं करायचे आणि उठताना म्हणायचे, मीठ कमी होतं. एकदा, अगदी एकदा 'बरं झालंय' म्हणाले असते ना, तर आज मी 'प्रेमळ' काय, हवं ते कोरू दिलं असतं."

पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. "बरं, नाव तरी सांगा. तेवढं लिहून ठेवतो."

भांडणाच्या नादात नाव कुणी सांगितलंच नव्हतं. मुलानं सांगितलं आणि पाथरवटानं कपाळावर हात मारला.

"अहो, हे आधी नाही का सांगायचं! त्यांचा दगड तर तयार आहे. स्वतः येऊन सांगून गेलेत. घासाघीस करून माझा जीव खाल्ला नुसता!"

त्यानं भिंतीला टेकवलेल्या दगडावरचं पोतं ओढलं. एकच रुंद दगड, नवरा-बायको दोघांचा. दोन घेण्यापेक्षा स्वस्त. डावीकडे तात्यांचं नाव, नुसतं, कोरडं. उजवीकडे आईचं, आणि त्याच्यावर 'सुगरण'.

"अहो, आई जिवंत आहे!" मुलगा ओरडला.

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, कधीतरी लागेलच. मी सांगितलं, एका दगडावर एकच विशेषण फुकट. मग दुपारभर इथंच बसून राहिले. शेवटी म्हणाले, माझ्यावर नको, तिच्यावर घाल."

आई उठली. अक्षरांवरून हळूच बोट फिरवत राहिली, रडली, आणि मग एकदम भडकली. "आणि हे मी मेल्यावर वाचायचं होय? अहो, घरी बोलला असतात तर तेही फुकटच होतं की!"

दगड नेहमीसारखाच गप्प राहिला.

"मावशी," पाथरवटानं दबकत विचारलं, "त्यांच्या नावावर काय घालू? आता मात्र पैसे पडतील."

आईनं पदरानं डोळे पुसले.

"'प्रे' कोरा."

"आणि पुढचं?"

"पुढचं नको. तेवढेच होते ते."