मेहकर सोडून उडालेलं विमान

एसटी उशिरा आली तर गफूरचाचा काही बोलायचे नाहीत. आधी आली की मात्र ड्रायव्हरला खाली उतरवायचे. "आधी आलास म्हंजी कुठंतरी थांबला न्हाईस. कोणाला सोडून आलास?"

वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण संशय निवृत्त झाला नाही. दूधवाला पाच मिनिटं आधी आला, तरी चाचा पातेलं झाकून विचारतात, "कोणाचं घर चुकवलं?" माझ्या कुकरची शिट्टी लवकर झाली की भिंतीपलीकडून हाक येते, "ताई, डाळ कच्ची हाय."

सातवीत शाळा सुटलेली मी, भंडाऱ्याकडून इतक्या लांब बीड जिल्ह्यातल्या कडा गावी आले. नवरा साखर कारखान्यात. आम्हाला कुणी खोली देईना, ती चाचांनी दिली. त्यांच्या मुली लग्न होऊन हैदराबादला, चाची वारलेल्या. चौकशी मात्र त्यांनी महिनाभर केली.

परवा भावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं ऑपरेशन होतं, आत नेण्याआधी तिला मला बघायचं होतं. गाडीनं मी पोचले नसते, म्हणून भावानं संभाजीनगर ते नागपूर विमानाचं तिकीट पाठवलं. हंगाम चालू, नवऱ्याला सुटी नाही. विमानात मी कधी बसले नव्हते; तिकीट घेऊन चाचांकडे गेले. चाचांनी चष्मा लावून तिकीट वाचलं.

"पाचशे किलोमीटर अन् सव्वा तास? एकतर अंतर खोटं हाय, न्हाईतर घड्याळ."

"वरून अंतर कमी पडतं म्हणे चाचा. चारशेच. सरळ जातं."

"सरळ रस्ता हाय म्हणणारे ड्रायव्हर मी लई बघितलेत. थांबे किती?"

"एकही नाही."

"मेहकर सोडलं? कारंजा सोडलं?" नागपूर गाडीचे हे थांबे सुटले, याचं चाचांना खरंच वाईट वाटलं. "अन् थांबायचंच न्हाई तर सव्वा तास तरी कावून? तासात पोचाया पायजे. मधी पंधरा मिंटं कुठं जातेत हे लोकं?"

मला रडू येत होतं आणि हसूही. एकटीला सोडायचं नाही म्हणून ते माझ्याबरोबर एसटीनं संभाजीनगरला आले. विमानतळाच्या दारात त्यांनी पहारेकऱ्यालाच धरलं.

"ड्रायव्हर कोण हाय?"

"पायलट असतो चाचा," मी म्हटलं.

"तेच. रात्री झोपला होता का?"

पहारेकरी म्हणाला, "झोपला असेल की." चाचांना ते 'असेल' आवडलं नाही.

"तुम्ही निघा आता चाचा. कड्याची गाडी चुकेल," मी म्हटलं.

"निघालोच," ते म्हणाले, आणि वळलेही.

विमानात सगळा वेळ मी डोळे मिटून खुर्चीचा दांडा धरून बसले होते. नागपूरला उतरले, काचेपलीकडे भाऊ हात हलवताना दिसला. चाचांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचले चाचा. दहा मिनिटं आधीच."

मला वाटलं, आता विचारतील, विमान कोणाला सोडून आलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या मागून त्याच पहारेकऱ्याचा आवाज आला, "पोचली ना चाचा तुमची लेक? आता तरी दारातून बाजूला येऊन बसा. दोन तास झाले उभे आहात."

"ताई, तुमी जावा आईकडं," चाचा घाईनं म्हणाले. "हितं उगं कुणीबी काईबी बोलतंय."