बासष्ट नंबरची पेटी

सकाळी आठ वाजता माव्हिस कोवालचुक कॉफीचा मग घेऊन फेरीला निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, ओरेस्टनं, ट्रेलरच्या दारातून हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

"अगं, आपण सुट्टीवर आलोय."

"अस्वल सुट्टीवर नाहीये," माव्हिस म्हणाली आणि चालू लागली.

रॉकी पर्वतातल्या या राष्ट्रीय उद्यानात, टॅमरॅक कॅम्पग्राउंडच्या एकसष्ट नंबरच्या जागेवर, ते दोघं गेली बावीस वर्षं जुलैचा दुसरा आठवडा काढत आले होते. माव्हिस शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाली होती, पण कार्यालय काही तिच्यातून निवृत्त झालं नव्हतं. कॅम्पग्राउंडचा मुख्य नियम एकच. ज्याला वास येतो असं काहीही उघड्यावर सोडून जायचं नाही. खाणं तर नाहीच, पण टूथपेस्ट, भांड्यांचा साबण, कुत्र्याची वाटी, झाडून सगळं गाडीत नाहीतर ट्रेलरमध्ये बंद करायचं. नियम उद्यानानं केला होता, माव्हिसनं तो दत्तक घेतला होता.

अठ्ठावन्न नंबरवर कॅलगरीहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. त्यांच्या टेबलावर टूथपेस्टची नळी होती आणि माणसं आंघोळीला गेलेली होती. माव्हिस जागेच्या हद्दीबाहेर, रस्त्यावर, ती दोघं परत येईपर्यंत उभी राहिली. दुसऱ्याच्या जागेत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा कॅम्पिंगचा दुसरा नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून ती तो जास्तच कडक पाळायची.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"याची," टेस नावाच्या त्या मुलीनं नवऱ्याकडे बोट केलं. "हाच विसरला, काकू."

"टूथपेस्ट दोघांची असते," माव्हिस म्हणाली.

पुढे चौसष्ट नंबरवर ड्वेन नावाचा एक जाडजूड गृहस्थ तीन मुलांना अंडी खाऊ घालत होता, आणि त्याच्या केचपच्या बाटलीला झाकणच नव्हतं. माव्हिस त्याला केचप आणि अस्वल या विषयावर बोलत असतानाच मागून पिकअपचा आवाज आला. ओरेस्ट आपल्या आईला तळ्यावर फिरवायला नेत होता. त्यानं खिडकीतून ओरडून काहीतरी सांगितलं. माव्हिस तेव्हा अस्वलाला केचपचा वास किती मैलांवरून येतो त्या मुद्द्यावर आली होती. तिनं मागे न बघताच हात वर करून "हो, हो" म्हटलं.

या आईचा, म्हणजे माव्हिसच्या सासूबाईंचा, स्टेफानियाबाईंचा, आज ऐंशीवा वाढदिवस होता. खरं तर सगळी सुट्टी त्यासाठीच होती. सासूबाई सस्कॅचवानमधल्या युक्रेनियन शेतकऱ्याची मुलगी, माव्हिस स्कॉटिश घरातली. लग्न झाल्यापासून अडतीस नाताळ माव्हिसनं त्यांच्यासाठी होलुब्त्सी केल्या होत्या. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळायचा आणि टोमॅटोच्या रसात मंद शिजवायचा. दर नाताळला सासूबाई एक खायच्या, काटा खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "कोबी चांगला होता."

बस्स, एवढंच. कोबी माव्हिसनं उगवलेला नव्हता.

या वेळी तिनं चंगच बांधला होता. एडमंटनच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांकडे चार शनिवार शिकायला गेली, तीन दिवस खपून साठ होलुब्त्सी केल्या आणि बर्फाच्या मोठ्या पेटीत भरून आणल्या. संध्याकाळी सहाला जेवण होतं. सासूबाईंच्या तोंडून कोबी सोडून दुसरा एखादा शब्द ऐकायचाच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

फेरी संपवून ती अकराला परतली तर शेजारची बासष्ट नंबरची जागा तिच्या डोळ्यांत खुपली. तिथली मंडळी सकाळीच गेली होती. चार दिवस त्यांनी रेडिओ लावून उच्छाद मांडला होता. आता जागा रिकामी होती, आणि टेबलाखाली, देवदारांच्या गर्द सावलीत, जुन्या तपकिरी ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी दिसत होतं. ताडपत्रीचा एक कोपरा वर आला होता आणि त्यातून बर्फाच्या पेटीची कड डोकावत होती.

माव्हिसला एक प्रकारचा आनंदच झाला. रेडिओवाले असलेच निघणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जवळ जाऊन बघावं असं तिच्या मनातही आलं नाही, कारण जागा दुसऱ्याची होती, मग ती रिकामी का असेना. ती सरळ फाटकाजवळच्या कार्यालयात गेली आणि ब्रिजिटला घेऊन आली. ब्रिजिट ही क्युबेकहून उन्हाळ्यापुरती नोकरीला आलेली वॉर्डन होती. वाटेत माव्हिसनं तिला अठ्ठावन्न आणि चौसष्ट नंबरही दाखवले. दोन्हीकडची माणसं पुन्हा फिरायला गेली होती आणि पुन्हा काही ना काही बाहेर होतं.

ब्रिजिट बासष्टमध्ये वाकली आणि पेटी उचलताना कण्हली.

"बापरे, केवढी जड आहे. आणि लसणाचा वास येतोय, काकू."

"येणारच," माव्हिस रस्त्यावरून म्हणाली. "ही माणसं काय काय खातात, देव जाणे. मी तर म्हणते लगेच फेकून दे."

"पाच वाजेपर्यंत मालकाची वाट बघावी लागते. मग खाणं अस्वलांना उघडता येत नाही त्या कचरापेटीत जातं."

"कोण येणार आहे?" माव्हिस म्हणाली. "तू आपली पाचाला फेक."

ताडपत्रीसकट पेटी उद्यानाच्या गाडीत गेली. माव्हिसनं मग टेबलावर नक्षीचा कपडा घातला, मेणबत्त्या मोजल्या आणि खुर्चीत बसून अर्धा तास पुस्तक वाचलं. बावीस वर्षांत इतकी छान दुपार तिनं घालवली नव्हती.

सव्वाचारला ओरेस्ट आईला घेऊन परतला. चाकांची खुर्ची उतरवून, सासूबाईंना तिच्यात नीट बसवून, त्यानं शेजारच्या जागेकडे बघितलं.

"पेटी आत घेतलीस वाटतं?"

"कुठली पेटी?"

"आपली. होलुब्त्सींची."

"ती पिकअपमध्ये आहे ना?"

"अगं, पिकअपमध्ये खुर्ची घातली. मग पेटीला जागा कुठली? ट्रेलरचं दार ओढलं की कुलूप लागतं आणि किल्ली तुझ्या गळ्यात. आपल्या टेबलावर ऊन होतं. म्हणून बासष्टमध्ये ठेवली, सावलीत. वर ताडपत्री टाकली. तुला ओरडून सांगितलं की. तू हो, हो म्हणालीस."

माव्हिस खुर्चीत बसली. ओरेस्टला वाटलं तिला चक्कर आली. त्यानं पाणी आणलं.

"कुणी चोरली का गं?"

"नाही," माव्हिस म्हणाली. "मी पकडून दिली."

साडेचार होत आले होते. माव्हिस कार्यालयाकडे पळत सुटली. बासष्ट वर्षांच्या बाईनं पळावं असा तो रस्ता नव्हता आणि शनिवार असल्यामुळे वाटेत सायकली, मुलं, पाण्याच्या बादल्या आणि कुत्रे यांची नुसती दाटी झाली होती. कार्यालयात रांग दारापर्यंत आलेली होती. रांगेच्या टोकाला हातात गुलाबी चिठ्ठी घेऊन ड्वेन उभा होता आणि त्याच्या पुढे तशीच चिठ्ठी घेऊन टेस. दोघं जप्त झालेलं सामान सोडवायला आले होते.

"या, काकू," ड्वेन म्हणाला. "आता कुणाची तक्रार?"

"जळण घ्यायला आलेय," माव्हिस म्हणाली.

"जळण मागच्या खिडकीत मिळतं," टेस म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होती. पुढे एक कुटुंब जागा बदलून मागत होतं आणि त्यांना नदीही हवी होती आणि डासही नको होते. माव्हिसनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला, घड्याळ बघितलं, पुन्हा भार बदलला. तिचा चेहरा बघून ड्वेनला काय वाटलं कोण जाणे, तो बाजूला झाला. "तुम्ही जा पुढे. घाईत दिसताय." टेसही सरकली. नदीवाल्या कुटुंबानंही जागा दिली. सकाळी आपण ज्यांना झापलं ती माणसं आपल्याला वाट करून देतायत, हे बघून माव्हिसला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण त्यालाही वेळ नव्हता.

"ब्रिजिट," ती खिडकीशी हळूच म्हणाली, "बासष्ट नंबरची पेटी. तिचा मालक सापडला."

"छान," ब्रिजिट मोठ्यानं म्हणाली. "कुठंय तो?"

"मीच."

रांगेतल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. नदीवाल्यांच्यासुद्धा.

ब्रिजिटनं बराच वेळ कीबोर्ड बडवला. "काकू, संगणक घेत नाहीये हो. तक्रार करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे आणि मालकाच्या जागीही तुमचंच टाकतेय. त्याला दोन वेगळी माणसं लागतात." मग तिनं आवाज खाली आणला. "पेटी तुमच्या नवऱ्यानं ठेवली असेल ना? मालक म्हणून त्यांचं नाव टाकू?"

माव्हिसनं मागे वळून बघितलं. वाट अगदी सोपी होती, आणि खोटीही नव्हती. ठेवली होती ओरेस्टनंच. तिनं तोंड उघडलं.

"पेटी दोघांची असते, काकू," टेस मृदू आवाजात म्हणाली.

माव्हिसनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "मालक मीच राहीन."

"मग तक्रार करणारा कोण?"

"माझं नाव टाका," ड्वेन पुढे आला. "तक्रार माझी. मला फार आनंद होईल."

संगणकानं तक्रार विनातक्रार घेतली. गुलाबी चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर माव्हिसचं पूर्ण नाव, जागेचा नंबर आणि खाली "अन्न निष्काळजीपणे उघड्यावर सोडणे" असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. तिनं सही केली तेव्हा घड्याळात पाचला तीन कमी होती.

साठ होलुब्त्सींची पेटी एकटीला उचलणं शक्य नव्हतं. एक बाजू ड्वेननं धरली, दुसरी बाहेर थांबलेल्या टेसच्या नवऱ्यानं, आणि ड्वेनची तीन मुलं मिरवणूक निघाल्यासारखी पुढे नाचत चालली. एवढं ओझं वाहून आणल्यावर माणसांना दारातून परत पाठवणं माव्हिसच्या जिवावर आलं. तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. ड्वेन केचप घेऊन आला, झाकणासकट.

सहाच्या सुमाराला डोंगरांवर अजून लख्ख ऊन होतं. होलुब्त्सी गरम होऊन टेबलावर आल्या. सासूबाईंनी डोक्यावर कागदी टोपी घातली होती आणि समोरच्या अनोळखी गर्दीकडे बघत त्या विचारात पडल्या होत्या.

"ही सगळी मंडळी कोण?"

"कॅम्पमधलीच गं, आई," ओरेस्ट घाईघाईनं म्हणाला. "माव्हिसच्या ओळखीची."

"आई, मी सांगते," माव्हिस म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. टूथपेस्टपासून गुलाबी चिठ्ठीपर्यंत काही गाळलं नाही. "फेकून दे" म्हणाली होती, तेसुद्धा सांगितलं. सांगताना तिचे कान तापले होते.

सासूबाईंनी आधी हसू दाबलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, टोपी वाकडी झाली, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ओरेस्टनं आईला असं हसताना बघितल्याला जमाना झाला होता. हसू ओसरल्यावर त्यांनी एक होलुब्त्सी खाल्ली. काटा खाली ठेवला नाही. दुसरी खाल्ली, मग तिसरी.

"छान झाल्यात," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून छानच करतेस तू."

माव्हिसला आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, आई?"

"कशी बोलणार? तू ताट पुढे ठेवून हाताची घडी घालून उभी राहायचीस. मला शाळेत परीक्षेला बसवल्यासारखं व्हायचं. काही चुकीचं बोलले तर?" सासूबाईंनी टोपी सरळ केली. "तुझी भीती वाटायची गं मला. म्हणून आपलं कोबीवर भागवायचे."

ड्वेननं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. माव्हिसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. ती सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसली, आयुष्यात पहिल्यांदा, वाढायचं सोडून.

"ती चिठ्ठी दाखव बघू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून ती एकदा मनात वाचली, एकदा मोठ्यानं वाचली आणि घडी घालून आपल्या पर्समध्ये टाकली.

"आई, ती मला लागेल."

"नाही, ही माझ्याकडेच राहू दे," सासूबाई पर्सची चेन लावत म्हणाल्या. "पुन्हा तुझी भीती वाटली, की काढून बघीन."

माव्हिसनं त्यांच्या ताटात चौथी वाढली.